साडेआठ म्हणजे आठ पॉइंट तीस नव्हे

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये अर्ध्याहून जास्त पत्रं एकाच दुखण्याची निघाली, तासांची. कोणाचा संध्याकाळचा भत्ता जुळंना, कोणाचा ओव्हरटाइम, कोणाची रात्रपाळी उणे यायली. म्हणून हा अंक तासांनाच देऊन टाकला. आधी एक सूचना, नाहीतर नंतर शिव्या मलाच पडतील: इथे फॉर्म्युले देवनागरीत छापलेत, एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये टाकताना मात्र अक्षरं आणि आकडे दोन्ही इंग्रजी कीबोर्डवरूनच टाका. बी२ म्हणजे बी कॉलमची दुसरी ओळ, मॅक्स (MAX), मिन (MIN), मॉड (MOD), टाइम (TIME), इंट (INT), राउंड (ROUND), सम (SUM) ही फंक्शनची नावं, आणि डॉलरचं चिन्ह दिसलं तर ते गाळू नका, ते कशासाठी ते पुढे येतंच.

ताई, मी लातूरला एका डाळ मिलमध्ये दिवाणजी आहे. इतके दिवस हजेरी वहीत होती, आता मालकाचा मुलगा म्हणतो एक्सेलमध्ये करा. तुरीची आवक वाढली की मिल रात्री नऊ-दहापर्यंत चालते. संध्याकाळी ६ ते १० मधल्या कामाला तासाला १५ रुपये जादा आहेत, अन् नऊ तासांच्या वर गेलं की ओव्हरटाइम डबल. मी येण्याची वेळ ९.३० आणि सुटण्याची २१.१५ अशी टाकतो अन् वजाबाकी करतो, पण भलतंच उत्तर यायलंय. संध्याकाळचे तास तर अजून बोटांवरच मोजायलोय. बावीस माणसं आहेत, पगाराच्या दिवशी लई तारांबळ होते. — एक दिवाणजी, लातूर

दिवाणजी, तुमचं सगळं दुखणं त्या टिंबात आहे. २१.१५ मधून ९.३० वजा केले की शीट ११.८५ दाखवतं, बरोबर? आता अकरा तास पंच्याऐंशी मिनिटं कोणत्या घड्याळात असतात तुम्हीच सांगा. खरे होतात पावणेबारा तास. वहीत आपण साडेनऊ हे ९.३० असंच लिहीत आलोय, वाचणाऱ्याच्या डोक्यात घड्याळ असतं म्हणून ते चालून जातं. शीटच्या डोक्यात घड्याळ नाही. ते टिंब बघून नऊ पूर्णांक तीन दशांश समजतं आणि मोकळं होतं.

तेव्हा टिंबाऐवजी विसर्गासारखे दोन ठिपके: ९:३०, २१:१५. संध्याकाळचे सहा हे १८:०० असेच टाका, नुसतं ६:०० टाकलं तर ते सकाळचे सहा धरले जातात. पीएम लावायची सवयच असेल तर एक्सेलमध्ये आकडा आणि पीएम यांच्यामध्ये एक स्पेस द्यावी लागते, नाहीतर ते वेळ न समजता मजकूर समजतं. ओळखायची खूण सोपी आहे, तुम्ही स्वतः अलाइनमेंट बदललेली नसेल तर वेळ म्हणून घेतलेली नोंद सेलमध्ये उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. पूर्ण कॉलमवर एक नजर फिरवली की डावीकडे सरकलेले चुकार लगेच दिसतात.

मागच्या महिन्याचा जो डेटा टिंबाने भरून ठेवलाय तो परत टाईप करू नका, आणि देवाशप्पथ, फाइंड-रिप्लेस करून टिंबाच्या जागी दोन ठिपके तर अजिबात टाकू नका. हे मी स्वतः करून बसलेय. परभणीकडे एका जिनिंगमध्ये मी हजेरी-पगार बघायचे, कापसाचा सीझन, दुसऱ्या दिवशी पगार, आणि मला रात्री ही शक्कल सुचली. एक क्लिक, सगळी टिंबं गेली, मी खूश. सकाळी हमालांचा मुकादम कागद घेऊन आला आणि म्हणाला, ताई, साडेसातचा भोंगा झाल्यावर सुटलो आमी, ह्यात सात-तीन कुठून आलं? झालं असं की १९.३० टाकलं तरी शीट शेवटचं शून्य फेकून १९.३ एवढंच जपून ठेवतं, मग टिंब बदललं की १९:३, म्हणजे सात वाजून तीन मिनिटं. जो साडेसातला सुटला त्याची सत्तावीस मिनिटं गेली, आणि जो सव्वासातला सुटला त्याचं मात्र बरोबर, कारण १९.१५ मध्ये शून्य नव्हतंच. म्हणून तर मला रात्री वरवर चाळताना कळलं नाही. मुकादमाला एक्सेल येत नव्हतं पण भोंगा ठाऊक होता.

तर जुन्या डेटासाठी शेजारच्या रिकाम्या कॉलममध्ये हे टाका आणि खाली ओढा:

=टाइम(इंट(बी२),राउंड((बी२-इंट(बी२))*१००,०),०)

टिंबाच्या आधीचा आकडा तास, नंतरचा शंभरने गुणून मिनिटं. सुटण्याच्या वेळेलाही असंच, फक्त बी२ च्या जागी सी२.

आता मुख्य गोष्ट. शीटमध्ये वेळ म्हणजे दिवसाचा तुकडा. पूर्ण दिवस १, दुपारचे बारा ०.५, सकाळचे सहा ०.२५, संध्याकाळचे सहा ०.७५. सेलमध्ये ८:३० दिसत असलं तरी आत ०.३५४ च्या आसपासचा आकडा बसलेला असतो. त्यामुळे तासाचा दर ७५ रुपये असेल आणि तुम्ही साडेआठ तासांना थेट ७५ ने गुणलं तर मजुरी येणार २६ रुपये ५६ पैसे. २४ ने गुणून आधी तास करायचे, मग दर लावायचा, म्हणजे ६३७ रुपये ५० पैसे येतात. आणि जे वहीवाले ८.३० ला सरळ ७५ ने गुणतात त्यांचे ६२२.५० होतात, म्हणजे माणशी रोज १५ रुपये कमी, सव्वीस दिवसांचे ३९०. हे मुद्दाम कोणी करत असेल असं मी म्हणत नाही, पण चूक बहुतेक वेळा एकाच बाजूला पडते खरी.

तुमची शीट अशी लावा. ए मध्ये तारीख, बी मध्ये येणं, सी मध्ये जाणं. आणि बाजूला के कॉलममध्ये नियम लिहून ठेवा: के१ मध्ये भत्ता सुरू १८:००, के२ मध्ये भत्ता संपतो २२:००, के३ मध्ये रोजचे साधे तास ९:००, के४ मध्ये जेवणाची सुटी ०:३०. हे आकडे फॉर्म्युल्यात कोंबायचे नाहीत. उद्या मालकांनी भत्ता सातपासून धरा म्हटलं तर एक सेल बदलायचा, सहाशे फॉर्म्युले नाही. डॉलरचं चिन्ह त्याचसाठी, फॉर्म्युला खाली ओढताना के१ चा के२ होऊ नये म्हणून.

डी२, खरं जाणं: =सी२+(सी२<बी२)

ई२, एकूण काम: =मॅक्स(०,डी२-बी२-$के$४)

एफ२, संध्याकाळ: =मॅक्स(०,मिन(डी२,$के$२)-मॅक्स(बी२,$के$१))

जी२, ओव्हरटाइम: =मॅक्स(०,ई२-$के$३)

डी चं काम काय ते पुढच्या पत्रात बघू. संध्याकाळच्या फॉर्म्युल्याला मात्र घाबरू नका, तुम्ही बोटांवर तेच करताय. माणूस आला साडेनऊला, भत्ता सुरू सहाला, यातलं जे उशिराचं ते धरायचं, म्हणजे सहा. माणूस सुटला सव्वानऊला, भत्ता संपतो दहाला, यातलं जे आधीचं ते, म्हणजे सव्वानऊ. दोघांतलं अंतर सव्वातीन तास. जो पाचलाच घरी गेला त्याचं उत्तर उणे येईल, म्हणून बाहेरून शून्याचं मॅक्स लावलंय. एवढंच आहे.

त्याच माणसाचं पूर्ण करून दाखवते, दर ७५ धरून. जेवणाचा अर्धा तास वजा जाऊन एकूण सव्वाअकरा तास, त्यातले नऊ साधे म्हणजे ६७५ रुपये, सव्वादोन तास ओव्हरटाइम दीडशेने ३३७.५०, आणि संध्याकाळचे सव्वातीन तास पंधराने ४८.७५. सगळे मिळून १०६१.२५. शीटमध्ये हे =(ई२-जी२)*२४*७५+जी२*२४*१५०+एफ२*२४*१५, दरही के कॉलममध्ये नेलेत तर उत्तम.

पण दिवाणजी, इथे एक प्रश्न आहे जो शीट सोडवू शकत नाही. या माणसाचा ओव्हरटाइम सातपासून सव्वानऊपर्यंतचा, म्हणजे सगळाच्या सगळा संध्याकाळच्या पट्ट्यात. डबल रेटही त्यालाच आणि पंधरा रुपयेही त्यालाच, असं मालकांना मान्य आहे का? की ओव्हरटाइम सुरू झाला की भत्ता बंद? बंद असेल तर संध्याकाळचा फक्त सहा ते सात हा एक तास उरतो आणि माणशी ३३.७५ चा फरक पडतो. हे पगाराच्या दिवशी दारात उभं राहून ठरवायचं काम नव्हे, आधीच विचारून एका ओळीत लिहून घ्या. भत्ता बंद असा नियम असेल तर एफ२ असा करा:

=मॅक्स(०,मिन(डी२,$के$२,बी२+$के$३+$के$४)-मॅक्स(बी२,$के$१))

नऊ तास आणि जेवणाची सुटी जिथे भरते ती वेळसुद्धा मिन मध्ये घातली, बाकी तेच.

आणि गैरहजर माणसाची ओळ रिकामी राहिली तर शून्य येतं, ते ठीक. पण आल्याची वेळ टाकली आणि सुटल्याची विसरलात तर हे शीट त्याला थेट रात्री बारापर्यंत कामावर ठेवतं. पगार काढण्याआधी सी कॉलममधले रिकामे सेल एकदा फिल्टर लावून बघा.

मी धाराशिव जिल्ह्यात साखर कारखान्यावर काट्याला आहे. आमच्या पाळ्या ४ ते १२, १२ ते ८ आणि रात्री ८ ते ४. दिवसाचं बरोबर येतंय, रात्री ८ ते पहाटे ४ टाकलं की नुसत्या जाळ्या जाळ्या (####) येतात. एकाने सांगितलं ऑप्शनमध्ये १९०४ वर टिक कर, करू का? रात्री १० ते सकाळी ६ मधल्या तासांना नाइट अलाउन्स आहे तोही काढायचाय. — काट्यावरचा क्लार्क

टिक करू नका भाऊ. ती टिक म्हणजे तारखा १९०४ सालापासून मोजायची सेटिंग. त्याने उणे वेळ दिसायला लागते हे खरं, पण त्या फाइलीतल्या आधीच्या सगळ्या तारखा १४६२ दिवसांनी, म्हणजे चार वर्षं आणि एक दिवस पुढे सरकतात, आणि उणे सोळा तास दिसून तुमचं भलं काय होणार? काम तर आठच तासांचं केलंय.

जाळ्या येतात कारण पहाटेचे चार हे आदल्या रात्रीच्या आठपेक्षा लहान आहेत, वजाबाकी उणे जाते आणि एक्सेलला उणे वेळ दाखवता येत नाही. गुगल शीटमध्ये जाळीऐवजी उणे आकडा दिसेल, चूक तीच. (कॉलम अरुंद असला तरीही जाळ्याच येतात, आधी तो ओढून रुंद करून बघा.) नुसते एकूण तास हवे असतील तर =मॉड(सी२-बी२,१) पुरे आहे. पण तुम्हाला अलाउन्स काढायचाय, म्हणून वर दिवाणजींना दिलेलं डी बरं पडेल: =सी२+(सी२<बी२). कंसातली गोष्ट खरी असेल तर शीट तिला १ धरतं, म्हणजे सुटण्याची वेळ येण्याच्या वेळेपेक्षा लहान दिसली की एक अख्खा दिवस पुढे. बारा वाजले की घड्याळ शून्यावर जातं, आपण त्याला जाऊ द्यायचं नाही, पुढे मोजत राहायचं, पहाटेचे चार म्हणजे अठ्ठावीस.

त्याच हिशोबाने उद्याचे सकाळचे सहा म्हणजे तीस. के२ मध्ये २२:०० आणि के५ मध्ये =३०/२४ टाका, मग नाइटचे तास:

=मॅक्स(०,मिन(डी२,$के$५)-मॅक्स(बी२,$के$२))+मॅक्स(०,मिन(डी२,$के$५-१)-बी२)

मधल्या बेरजेनंतरचा तुकडा फालतू वाटेल पण काढू नका. तुमच्या ४ ते १२ पाळीचा माणूस पहाटे चारला येतो, त्याचे चार ते सहा हे दोन तास रात्रीतच मोडतात, आणि पहिल्या तुकड्याला ते दिसत नाहीत कारण तो फक्त रात्री दहानंतरच बघतो. असे रोजचे दोन तास सुटले तर सीझनभरात त्या बिचाऱ्याचं किती जाईल बघा. ८ ते ४ वाल्याचे सहा तास येतील, १० ते ४.

अजून एक, कारखान्यावर असाल तर हे तुमच्याकडे घडणारच. रिलिव्हर आला नाही म्हणून माणूस डबल करतो, सोळा तास, तिथपर्यंत वरचं सगळं चालतं. पण कोणी तिबल केली, रात्री आठला आला आणि दुसऱ्या रात्री आठलाच सुटला, तर येणं-जाणं सारखंच, शीट म्हणतं शून्य तास. चोवीस तास जागलेल्या माणसाला शून्य! अशा ठिकाणी जाण्याची तारीखही वेगळ्या कॉलममध्ये घ्या आणि तारीख अधिक वेळ यातून तारीख अधिक वेळ वजा करा. खरं तर सीझनभरासाठी तसंच करा, चार सेकंद जास्त लागतात.

वाळूजला मशीन ऑपरेटर आहे. आठवड्यात दोन दिवस १० तास आणि चार दिवस ८ तास केले, एकूण ५२. ठेकेदाराचा माणूस म्हणतो ओव्हरटाइम २ तास, माझ्या हिशोबाने ४, रूमवरचा मित्र म्हणतो दोन्ही धरून ६. कोणाचं बरोबर? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

तुमचं. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ५९ व्या कलमापासूनचा हिशोब असा होता की दिवसाला ९ तासांवर किंवा आठवड्याला ४८ तासांवर काम झालं की त्या जादा तासांना दुप्पट दर. ठेकेदाराच्या माणसाने फक्त दिवसाचं बघितलं, दोन दिवस एक-एक तास जास्त, झाले २. आठवड्याचं त्याला आठवलं नाही म्हणा. मित्राने २ आणि ४ मिळवले, पण ते दोन तास त्या चारमध्येच आहेत, एकच तास दोनदा कसा विकणार? दोन्हीतलं जे मोठं ते घ्यायचं. सोमवार ते शनिवार ओळ २ ते ७ मध्ये असेल आणि ई-जी कॉलम वरच्यासारखेच असतील तर:

=मॅक्स(सम(जी२:जी७),सम(ई२:ई७)-४८/२४)

४८ तासांचे २ दिवस होतात म्हणून २४ ने भागलंय. आता त्या कायद्याच्या जागी श्रम संहिता, म्हणजे नवे कामगार कायदे, आल्यात, दुप्पट दर तिथेही आहे, पण रोजच्या तासांच्या मर्यादा बदलत असतात, म्हणून ९ आणि ४८ के कॉलममध्येच ठेवा आणि स्लिप हातात पडली की शीटशी ताडून बघा. ठेकेदाराच्या माणसाशी बोलायला जाताना मोबाइल दाखवू नका, प्रिंट काढून न्या, कागदावर लोक जरा नीट बघतात.

नांदेडला दवाखान्यात रिसेप्शनला आहे. सहा दिवसांची बेरीज केली तर १०:३० तास येतायत, मी तर रोजच पावणेदहा तास बसते! आणि बरोबर नऊ तास भरलेल्या एका दिवशी शीट ओव्हरटाइम 'हो' दाखवायलंय. — एक वाचक

बेरीज बरोबर आहे, दिसतंय चुकीचं. तुमचे होतात ५८:३०, पण साधा वेळेचा फॉरमॅट चोवीस झाले की परत शून्यापासून सुरू करतो, दोन दिवस गिळून साडेदहा दाखवले. बेरजेच्या सेलला कस्टम फॉरमॅट द्या, तासाचा एच चौकोनी कंसात: [एच]:एमएम. गुगल शीटमध्ये फॉरमॅट, नंबर, ड्युरेशन.

दुसरं थोडं चिवट आहे. एकतृतीयांश लिहायला गेलं तर ०.३३३ करत कुठेतरी थांबावं लागतं ना, तसंच वेळेचे हे तुकडे शीटलाही कुठेतरी तोडावे लागतात, मग वजाबाकीत शेवटच्या कुठल्यातरी घरात कणभर जास्त उरतं आणि नऊ हे नऊपेक्षा मोठे ठरतात. उपाय म्हणजे मिनिटांवर यायचं: =राउंड((डी२-बी२)*१४४०,०). दिवसाची १४४० मिनिटं, पूर्णांकात, आणि तुलना ५४० शी करा. मी आता सगळीकडे एक मिनिटांचा कॉलम ठेवतेच, बेरजेला फॉरमॅटची कटकट नाही, शेवटी एकदा ६० ने भागलं की झाले तास.